रस्ता म्हणजे डांबर

नोकरीत शेकडो पंचनामे केले, बरेचसे विसरलो. एका चिखलाने माखलेल्या सायकलचा पंचनामा मात्र आजही जसाच्या तसा आठवतो.

मी तेव्हा बारामतीत होतो. ऊसतोडीचे दिवस, त्यात अवकाळी पाऊस. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल शहरात यायचा. एका सकाळी ठाण्यात फोन आला, "ट्रॅक्टरनं सायकलवाल्या तात्यांना उडवलं. डायव्हर धरून ठेवलाय."

तात्या बेशुद्ध होते, त्यांना दवाखान्यात हलवले होते. ड्रायव्हर वरकुटे गावचा तरणा माणूस. लोकांनी त्याला चांगलाच चोपला होता.

"साहेब, मी धक्का मारला न्हाय. पडलेले दिसले म्हणून उचललं."

"धक्का मारला नाहीस, तर थांबलास कशाला?" मी दरडावले.

त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

गुन्हा दाखल होणार, तेवढ्यात आमचे जुने हवालदार म्हणाले, "साहेब, सायकलला साधा पोचासुदीक न्हाय." मी जागेवर गेलो. डांबर लख्ख होते आणि शेजारी सायकलींसाठी आखलेल्या पट्टीवर चिखलाचा बांध. सायकलच्या चाकाची घसरल्याची खूण थेट त्या बांधात शिरली होती.

सफाईच्या ठेकेदाराचा मुकादम बोलावला.

"रस्ता साफ करायचा, आमी केला."

"आणि सायकलची पट्टी?"

"आमच्या कागदात रस्ता म्हणजे डांबर, साहेब. चिखल कडंला लोटायचा. कड कुणी साफ करायची, ते लिवल्यालं न्हाय." मग हळूच म्हणाला, "माझी पोरगीबी त्याच पट्टीवरनं शाळंत जाती."

दुपारी तात्या शुद्धीवर आले. पहिलेच वाक्य, "मी घसरलो, तवा मला उचलणारा त्यो पोरगा कुठं हाय? त्याला च्या पाजा."

चहा मी स्वतः ड्रायव्हरला नेऊन दिला आणि त्याची माफी मागितली. पुढे पालिकेला पत्र लिहून सफाईच्या कागदात फूटपाथ आणि सायकलची पट्टी हे शब्द घालायला लावले. ते सोपे होते. पळणाऱ्यावर संशय घ्यायला आम्हाला शिकवलेले असते. मी थांबणाऱ्यावर घेतला होता, त्याची दुरुस्ती कुठल्या पत्राने करणार?

त्या दिवशी ठाण्याच्या फाटकापर्यंत मी ड्रायव्हरला सोडायला गेलो. म्हटले, "पुन्हा कुणी पडलेलं दिसलं, तर थांबशील ना?"

"थांबीन की, साहेब," तो म्हणाला. "पण ट्रॅक्टर लांब लावीन."