तीन ठिकाणी ठेवलेला रविवार

निवृत्तीनंतर मला कोणी काही विचारेनासं झालं, तेव्हा मी कोलकात्याच्या आमच्या मराठी मंडळासाठी एक वेबपेज बनवलं. सॉल्ट लेकच्या ऑफिसात जन्म जुन्या पद्धतीचे प्रोग्राम लिहिण्यात गेला होता. पेजचे सुटे भाग बनवून ते जोडायचे, ही नवी तऱ्हा मी घरी बसून शिकलो. गणपतीत आमच्याकडे रोज एका कुटुंबाला आरतीचं यजमानपद असतं, नैवेद्यही त्यांचाच. तो दिवस आता फोनवरून निवडता येणार होता. वर दिवसांचा तक्ता, मध्ये माहिती भरायची चौकट, खाली 'तुम्ही निवडलेला दिवस'.

बराकपूरच्या एका बाईंना शेवटच्या दिवसाची, रविवारची आरती हवी होती. त्यांच्या मिस्टरांची बँकेतून नागपूरला बदली झाली होती. हा त्यांचा इथला शेवटचा गणपती.

गुरुवारी ताट तयार, माणसं जमलेली, आणि यजमान नाहीत. नोंद त्या बाईंच्या नावाची. मी फोन लावला.

"ताई, कुठे आहात? सगळे खोळंबलेत."

"घरीच! आमची आरती रविवारी ना, काका?"

"नोंद आजची आहे."

"अहो, आधी गुरुवार घेतला होता, पण लगेच बदलला. रविवार दिसत होता की मला!"

"बटण चुकलं असेल," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून संदेश ही बंगाली मिठाई आणून नैवेद्य दाखवला. "बाप्पा बंगाली झाले, आणि यजमान बेपत्ता!" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. रविवार तोवर दुसऱ्या कुटुंबाने घेतलेला होता.

माझी सून बंगाली, बालीगंजची. मराठी लग्नानंतर शिकली. कामही तिचं याच क्षेत्रातलं. शुक्रवारी तिने सहज पेज माझ्या कॉम्प्युटरवर, चाचणीच्या कोऱ्या नोंदींसह उघडलं. गुरुवार निवडला, मग रविवार. तक्त्यात रविवार, खाली रविवार, आणि नोंद झाली गुरुवारची.

"बाबा, एकच दिवस तुम्ही तीन ठिकाणी ठेवलाय. ही चौकट पहिल्यांदा घेतलेला दिवसच धरून बसते. निवड बदलली हे तिला कळतच नाही."

"मग करायचं काय?"

"दिवस एकाच जागी ठेवायचा, तिघांच्या वर. वाचायचा तिथून, बदलायचा तिथेच. कुणी आपली वेगळी प्रत ठेवायची नाही."

आम्ही दोघांनी बसून दुपारभरात ते दुरुस्त केलं. उठताना ती एवढंच म्हणाली, "त्या ताईंना सांगाल ना?" मी मान हलवली. तिने पुढे ना कधी विचारलं, ना कुणापाशी बोलली. हे सांगणं तिने माझ्यावर सोडलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

रविवारी बाई आल्या. लोकलने डबा सांभाळत उकडीचे मोदक आणले होते. आरतीचं तबक दुसऱ्यांच्या हातात. त्या मागे उभं राहून टाळ्या वाजवत होत्या. यजमान कुटुंबाला एका शब्दाने सांगितलं असतं, तर त्यांनी तबक पुढे केलं असतं. मी बोललो नाही. आरतीनंतर चिटणीस म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून नावं फोन करूनच विचारून घेऊ. हे कॉम्प्युटरचं प्रकरण नको." तेव्हा त्या बाईच पुढे झाल्या.

"अहो, चूक माझी. काकांनी केवढी सोय केलीय! बंद नका करू."

पेज राहिलं. त्यानंतरची माझी वर्षं त्यावर गेली: वर्गणी, कार्यक्रम, मुलांच्या स्पर्धा सगळं त्यात आलं. मला रोज सकाळी उठून करायला काम मिळालं, मंडळात मान मिळाला. तो सगळा त्या बाईंनी दिलेला.

या उन्हाळ्यात मी नागपूरला त्या बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"काका, आमच्याकडे अजून मला चिडवतात. कुठे जायचं ठरलं की 'आधी तारीख विचारा हिला!' मलाही वाटायचं, खरंच माझं बोट चुकलं असेल. थांबा, यांना फोन देते. यांनाच सांगा."

त्यांच्या मिस्टरांना मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग फोन बाजूला न करताच म्हणाले, "अगं, तू बरोबर होतीस."

"तेव्हाच सांगत होते," मागून आवाज आला.