पाठीवर छापलेली पाच अक्षरं

“पाठ फिरव,” कारकून म्हणाला. मी फिरवली. पाठीला थंड पत्रा टेकला. त्यावरून काजळीचा कुंचला फिरला. मागं कुणीतरी हसलं. लुगड्यावर पाच इंग्रजी अक्षरं उमटली.

अकरा वर्षांची होते. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या त्या आवारात माय आणि मी सांडलेला, मातीत मळलेला कापूस वेचायचो. त्याच्या गठाणींवर पत्र्याचा साचा ठेवून हा शब्द छापत. मग आम्हालाही छापू लागले. छापलेल्या बाईनं चांगल्या कापसाला हात लावायचा नाही, चांगल्या कापसाकडच्या रांजणातलं पाणी प्यायचं नाही.

काजळी तेलातली. राखेनं, रिठ्यानं घासली. पुसट झाली, पण निघेना. लुगडं एकच. बाजारात वाचता येणारे हसत. काय वाचून हसतात ते कळत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटे.

शेवटी शाळेच्या पायरीखाली जाऊन उभी राहिले. 

“मास्तर, माह्या पाठीवर काय लिवलं हाये?”

मास्तरांनी शब्दार्थांचं जाड पुस्तक उघडलं.

“वेस्ट. म्हणजे टाकाऊ. वाया गेलेलं, कचरा, गाळ. मूळ शब्द फार जुना. त्याचा अर्थ ओसाड, रिकामी जमीन.”

“बाईले म्हणतेत असं?”

“नाही. मालाला.”

दुसऱ्या दिवशी पुसट झालेले छाप पुन्हा गडद करायला रांग लावली. माय पुढं होती. मुकाट छापून घेतलं तिनं. माझी पाळी आली. भीतीनं लुगड्यात मुतले. खोटं कशाला सांगू?

“मले नोका छापू. मी माल नाही. ओसाडबी नाही.”

“छाप नाही तर काम नाही,” कारकून म्हणाला. “तुझ्या आईलाही नाही.”

“पोरी, गुमान पाठ फिरव,” माय म्हणाली.

नाही फिरवली. दोघींना हाकललं. माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात अंबाडीची भाजी, तीही अर्धपोटी.

पुढं त्याच मास्तरांच्या शाळेत तीन बुकं शिकले. ते लुगडं फाडलं नाही, त्याची वाकळही शिवली नाही. नातींना पहिली इंग्रजी अक्षरं त्यावरच गिरवायला लावते. आधी हे वाचायचं. मग कुणी साचा घेऊन आला, तर भीती वाटली तरी त्याचा हात धरून अडवायचा.