नळावरची भांडी बघून निवडलेलं गाव

मीरासाबचाचा माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचा, आधी त्याच्या भांड्यांकडं. कोल्हापुरात आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. मी आजऱ्याहून कॉलेजला आलेला, आणि तो तीस वर्षं कल्हई करत आलेला. पहिल्याच दिवशी त्यानं माझं पितळी पातेलं उचललं, आतून बोट फिरवलं नि म्हणाला, "पावणं, आई बरी हाय न्हवं? वरीस झालं कल्हई न्हाय, म्हणून इच्यारलं."

आई ठणठणीत होती. पण त्याच्या हिशेबी कल्हई उडालेलं घर म्हणजे आजारी घर.

निखाऱ्यावर भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची नि कापसाचा बोळा एका दमात आतून फिरवायचा. काळं भांडं चांदीसारखं उजळलं की चाचा स्वतःच त्यात डोकावून दाढी कुरवाळायचा. दुसरी हौस माणसाला नव्हती.

शहात्तर साली मालकानं खोल्या पाडून माडी बांधायची काढली. मला कुठंतरी एक खाट मिळाली, चाचाला मात्र कोल्हापुरातलं भाडं झेपेना. परवडतील अशी दोन गावं निघाली. एक वारणानगर. तिथं त्याची एकुलती लेक नजीरा दिली होती. जावई दिलदार साखर कारखान्यात कामाला. दुसरं आमचं आजरा. ते मी सुचवलं.

सुगराचाचीचं मन कधीच ठरलं होतं. नजीराचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं होतं, आणि तिला नुकतेच परत दिवस गेले होते. डॉक्टरनं गाडीचा प्रवास मना केलेला, म्हणजे बाळंतपणाला माहेरी आणायची सोय नाही.

"ह्या खेपेला मी तिच्या उशाला पायजे," चाची म्हणाली. "बाकी मला काय नको."

"मग नवव्या म्हयन्यात एस.टी.त बस नि जा की," चाचा म्हणाला. "गाव धंदा बघून धरायचं असतंय."

धंदा बघायची त्याची रीत अशी, की भल्या सकाळी गावच्या नळावर जाऊन बसायचं नि बायका काय घासतात ते बघायचं. वारणानगरच्या कॉलनीत तो दोन सकाळी बसला. दुसऱ्या दिवशी एका बाईनं हटकलंच.

"ओ पावणं, मगाधरनं काय बघायलाय?"

"भांडी, भैनी."

"का? तुमच्या घरात न्हाईत व्हय?"

परत आला तो तोंड पाडून. "सगळं इस्टील रं जोतीराम. वाटी इस्टील, तांब्या इस्टील. मी तिथं काय करू, चमचं मोजत बसू?"

मग मी त्याला आजऱ्याला नेलं. माझ्या आईनं माळ्याला शिडी लावून दिली. वर पितळी पातेली, तपेली, पराती, सगळी काळीठिक्कर. शेजारी धोंडुबाईच्या माळ्यावरही तेच. चाचा शिडीवरच थबकला. "आरं, हितं पाच वर्साचं काम पडलंय!"

"मग? आजरा म्हंजे काय वाटलं तुमास्नी?" मी छाती फुगवून म्हणालो.

इतका शिकलेला मी, पण ती भांडी वापरातच नाहीत म्हणून काळी पडलीत, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

मार्चमध्ये दोघं आजऱ्यात आली. पहिल्या पंधरा दिवसांत आमच्या घरातलं काम झालं, तेही आईनं माझ्या शब्दाखातर दिलेलं. मग चाचा गल्लोगल्ली ओरडत फिरू लागला. धोंडुबाईनं खरं काय ते सांगून टाकलं. "चाचा, ती लेकीच्या लग्नात मोडीत घालायची हाईत. मोडीला कशाला कल्हई करता?"

घर चालावं म्हणून चाची काजू सोलायला जाऊ लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा नजीराचं पत्र आलं होतं. चाचानं ते मला वाचायला लावलं. खुशाली होती, आणि खाली दोन ओळी: 'अब्बा, इथं पोरांच्या वसतिगृहात पितळेची मोठाली पातेली आहेत. कल्हईवाला सांगलीवरनं आणतात.'

चाचानं त्या दोन ओळी परत वाचायला लावल्या. मग म्हणाला, "ती नळावर न्हवती."

"नळाखाली मावत नसतील," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. चाची उठून बाहेर गेली. पाऊस सरल्यावर बघू, म्हणत चाचानं पत्राची घडी घातली.

पुढचं मला आईनं सांगितलं. जुलैत, आठव्याच महिन्यात, तार आली: नजीरा दवाखान्यात, लगेच या. नदीचं पाणी रस्त्यावर चढलेलं, एस.टी. बंद. चाची बोचकं घेऊन स्टँडवर जाऊन बसली ती तीन दिवस. आईनं भाकरी नेली, तर म्हणाली, "गाडी आली नि मी जेवत असले तर?" चौथ्या दिवशी गाडी सुटली. ती पोचली तेव्हा बाळाला माती देऊन झालं होतं. नजीरा भिंतीकडं तोंड करून पडलेली. मान वळवून एवढंच म्हणाली, "अम्मा, आता आलीस?"

चाळीस दिवस लेकीचं करून चाची आजऱ्याला परतली.

दिवाळीत मी घरी गेलो, तर चाचाचा निरोप होता, सामान चढवायला ये. जाऊन बघतो तर बोचकी बांधलेली, भाता गोणपाटात गुंडाळलेला, बैलगाडी दारात. चाची उंबऱ्यावर बसून होती. काजूच्या चिकानं तिच्या बोटांची सालं निघाली होती, ती ओढत.

"ऊठ सुगरा. स्टँड गाठायचं हाय."

"कुठं निघालायसा?"

"लेकीकडं. तिथं मला कामबी हाय."

चाचीनं मान वर केली नाही. "मला जवा जायाचं हुतं, तवा तुम्ही भांडी बघत हुतासा. आता जाऊन काय करू? माझं तोंड दिसलं की तिला त्यो दवाखाना दिसतोय. चाळीस दिवस मी बघिटलंय ते. पोरगी बोलायची भिंतीसंगं."

गाडीवाल्यानं विचारलं, "चाचा, भरायचं का न्हाय?"

चाचानं हातानंच त्याला जा म्हणून सांगितलं. मग खाली बसून त्यानं पहिल्या बोचक्याची गाठ सोडायला घेतली. घट्ट बसली होती. मी हात लावायला वाकलो.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माझी मी सोडतो."