गच्चीवरची धुपी

सौंसरच्या आमच्या घराच्या गच्चीवर, निळा ड्रम अर्धा कापून केलेल्या कुंडीत एक जपानी सीडर होता. काही वर्षांपूर्वी जून लागता लागता तो मेला. पाणी जास्त झालं, असं कारण घरात ठरलं. त्याला दुजोरा मी दिला होता आणि ते खोटं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

रोप आणलं नंदाताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं. ती कालिम्पोंगकडच्या एका शाळेत मुलींचं वसतिगृह सांभाळायची. तिकडे या झाडाला धुपी म्हणतात. आई गेल्यावर ती बिनपगारी रजा घेऊन आली, आणि रेल्वेच्या सगळ्या प्रवासात रोप मांडीवर होतं. राहायचं की परत जायचं, हे तिला जूनपर्यंत शाळेला कळवायचं होतं. ती हसत म्हणाली, "यानं इथला उन्हाळा काढला, तं मीही काढीन." बाबांनी ते हसण्यावारी नेलं नाही.

बाबांची हयात लोधीखेड्याजवळच्या संत्र्याच्या बागेत गेली होती. बाग चुलतभावाकडे सोपवून ते गावात आले, तेव्हापासून ते फारसे बोलत नसत. माझ्याशी बोलत, पण वीजबिलाविषयी. धुपी आली आणि ते जिने चढू लागले. काळी माती चिखल धरते म्हणून त्यांनी मुरूम आणि पालापाचोळ्याचं खत मिसळलं, ड्रमभोवती ओलं पोतं गुंडाळलं, वर हिरवी जाळी बांधली. शेजारच्या काकू आपल्या गच्चीवरून ओरडल्या, "हिमालय आनला का वं बाई? आता कूलर इकून टाका!"

पहिल्याच थंडीत पानं तांबूस झाली. बाबा घाबरले. "नंदे, हे तं जळून राहिलं वं!"

"काही नाही होत, बाबा. थंडीत असंच तांबडं होते ते. मार्चात पाहा तुम्ही."

मार्चात ते खरंच हिरवं झालं.

त्या संध्याकाळी मला अजून दिसतात — पाहिल्या होत्या की नंतर मनात तयार झाल्या, कोण जाणे. ताई पाण्याचा फवारा उडवते. थेंब पडायच्या आधी हवेत थांबल्यासारखे वाटतात, आणि त्यातून ओल्या लाकडाचा वास येतो, आमच्या गावात कधीच नसलेला. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसलेले. कमरेएवढं झाड, पण ते त्याच्या सावलीत बसल्यासारखे दिसतात. "तिथं ढग घरात येतात म्हणते तू?" ते विचारतात. "येतात बाबा. खिडकी लावायचं विसरलं, तं गादी ओली होते." बाबा हसतात, आणि जाळीखालचा हिरवा उजेड हळूहळू निळा होत जातो.

मी जिन्यात उभा असायचो. वर का जात नव्हतो? कुणी अडवलं होतं का? नाही.

इतकी वर्षं बाबांजवळ राहिलो होतो तो मी. आणि आता ती राहणार होती.

मेमध्ये बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ताई त्यांना घेऊन दहा दिवसांकरता नागपूरला गेली. पाणी घालायचं काम माझ्यावर आलं. पहिल्या दिवशी मी विसरलो — हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी आठवलं. बादली भरली. ती जिन्याशीच ठेवून दिली.

आमच्याकडे संत्र्याला ताण देतात. पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की पुन्हा सोडायचं, मग झाड फुलावर येतं. बाबा म्हणायचे, ताण मातीवर नाही, पानावर पाहावा. मी रोज जिन्यातून पान पाहायचो. हिरवं होतं. मग काय बिघडलं? — असं स्वतःला विचारायचो. धुपी संत्रं नाही, तिचं पान मलूल होत नाही, हे मला माहीत नव्हतं. पण पाणी का घालत नाही, ते माहीत होतं. ते झाड मला नको होतं.

ते परतले तेव्हाही झाड हिरवंच होतं. काळा चष्मा लावलेल्या बाबांनी चाचपडत फांदीवरून हात फिरवला. "बरं सांभाळलं रे पोरा." असं ते मला याआधी कधी म्हणाल्याचं आठवत नाही.

ताई पुन्हा पाणी घालू लागली. काही दिवसांनी आतली पानं करडी व्हायला लागली, मग टोकं. तिनं मला विचारलं, "पाणी जास्त तं नाही होऊन राहिलं?"

तेव्हा सांगता आलं असतं. नाही का?

"हाव," मी म्हणालो. "जास्तच होऊन राहिलं."

तिनं पाणी बंद केलं.

झाड वाळल्यावर ती बाबांना म्हणाली, "माझ्याच हातानं गेलं." बाबा म्हणाले, "झाड हाय ते, बाई. तू कुठं जाते?" पण तिनं शाळेला कळवून टाकलं होतं. मीच तिला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. बाबा त्यानंतर गच्चीवर गेले नाहीत. आता ते नाहीत. ती तेराव्यापुरती आली आणि परत गेली.

मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो. वसतिगृहाच्या व्हरांड्यात कुंड्यांची रांग होती आणि मुली पाणी घालत होत्या. ताई दारात उभी राहून कुठल्या कुंडीला किती ते सांगत होती. एका लहान मुलीनं झारी तिच्यापुढे धरली. ताईनं दोन्ही हात शालीत ओढून घेतले आणि मुलीला म्हणाली, "तुम ही डालो."