पाचही जणांची एकच ड्यूटी

माझं पोस्टिंग चार्ली कंपनीत झालं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. पोस्ट सीमेजवळच्या डोंगरात होती. आता मी मलकापूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वरवट बकालच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून वर्गात उजव्या भिंतीला लागून बसतो. मॅडमनी वार्षिकांकासाठी सैन्यातलं काही लिही म्हटलं. त्यांना शौर्याचं हवं असेल. मला बास्केटबॉलबद्दल लिहायचं आहे. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

आमच्याकडे कोर्ट नव्हतं. हेलिपॅड होतं. सिमेंटने भरलेल्या ड्रममध्ये लोखंडी खांब रोवला होता आणि त्यावर रिंग. हेलिकॉप्टर येणार असलं की चार जण तो ड्रम लोटत बाजूला नेत. कंपनीच्या टीमचे पाच जण होते, पाचही एकाच सेक्शनचे. टीमचा कॅप्टन देवानंद, हुद्द्याने नाईक, मेहकरचा. उंच संपत, साताऱ्याकडचा. गोरख, रमजान आणि पाटोळे. देवानंद न बघता पास द्यायचा. हात वर करून दोन बोटं दाखवली की गोरखने डावीकडून आत घुसायचं. संपत देवानंदची वऱ्हाडी बोली ऐकून त्याला चिडवायचा.

“काऊन रे काऊन, जरा हळू टाक की बॉल.”

“पहिले पकडाले शिक बे,” देवानंद म्हणायचा.

अशी टीम ब्रिगेडमध्ये दुसरी नव्हती, असं आम्ही सगळे मानायचो. तरी पहिली तीन वर्षं ती फायनलला पोहोचली नाही. पहिल्या वर्षी दोघे सुट्टीवर. दुसऱ्या वर्षी संपत पेट्रोलिंगवर आणि परतीचा रस्ता बर्फाने बंद. तिसऱ्या वर्षी देवानंद कोर्सला. तिन्ही वेळा सेमीफायनलमध्ये हरलो. लंगरचा कुक वरण वाढताना हळहळायचा, “पाचही जण असते ना, तर...” पुढचं वाक्य पंगतीतला कुणीही पुरं करायचा.

चौथ्या वर्षी रमजान पाय मुरगळलेला असूनही खेळला आणि आम्ही सेमीफायनल जिंकलो. फायनल पुढच्या सोमवारी होती.

कंपनीची ड्यूटी डिटेल, म्हणजे कोण कधी कुठे ड्यूटीवर याची यादी, मी लिहायचो. हवालदार मेजर तपासून सही करायचे. क्यूआरटी म्हणजे हाक आली की दोन मिनिटांत गाडीतून निघणारी तुकडी. तिच्यात वेगवेगळ्या सेक्शनचे जवान मिसळून घालायचे, ही पद्धत होती. कारण सगळ्यांना माहीत होतं: एक गाडी उडाली तर एकच सेक्शन संपू नये. त्या आठवड्यात मी पाचही जणांना दुपारी दोन ते सहा एकाच क्यूआरटीत लिहिलं. क्यूआरटी हेलिपॅडशेजारीच थांबते. हाक नसेल तर सराव होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हवालदार मेजरनी कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

“फायनलसाठी?”

“हो, मेजर.”

त्यांनी सही केली.

पाच दिवस काही झालं नाही. रायफली कडेला ओळीने ठेवून ते बूट घालूनच खेळायचे. ड्यूटी नसलेली सगळी कंपनी बघायला बसायची.

सहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी १५४२ वाजता, खालच्या रस्त्यावरच्या छोट्या पुलावरून आमच्या गस्तीचा रेडिओ आला.

“चार्ली, पुलियावर फायर आला. एक कॅज्युअल्टी. क्यूआरटी भेजो.”

“रॉजर. क्यूआरटी मूव्ह.”

देवानंदने बॉल माझ्याकडे फेकला. “धरून ठेव बे. येतोच.”

१५४४ ला गाडी गेटबाहेर गेली. १६०५ ला दुसरा कॉल आला. “क्यूआरटी हिट. गाडी हिट.” दुसऱ्या गाडीत मी चढलो. चढ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

पुलियाच्या अलीकडच्या वळणावर त्यांची गाडी आडवी पडली होती. पुढचं चाक आणि बॉनेट उडालं होतं. वरच्या पडक्या घरातून फायर येत होता. संपत मागच्या चाकाला टेकून बसला होता. त्याचा जबडा राहिला नव्हता. मी त्याला दोनदा हाक मारली, मग समजलं. रमजानचा डावा पाय घोट्याखाली तुटला होता. ड्रायव्हर स्वतःच्या बेल्टने तो आवळत होता. पाटोळेच्या दोन्ही हातांत छर्रे घुसले होते आणि तो दातांनी मॅगझिन काढायचा प्रयत्न करत होता. देवानंदच्या पोटात गोळी होती. तो एक-एक राउंड मोजून मारत होता.

मला बघून म्हणाला, “तू काऊन आला बे?”

मी त्याच्या पोटावर फील्ड ड्रेसिंग दाबलं. ते लगेच भिजलं. दुसरं दाबलं.

मग त्याने हात वर केला. दोन बोटं. मागे वळून बघितलं नाही.

गोरख भिंतीच्या आडोशाने डावीकडून धावला. आम्ही सगळ्यांनी खिडकीवर फायर धरला. गोरखने खिडकीतून दोन ग्रेनेड आत टाकले. त्याआधी आतून आलेला एक आमच्याजवळ फुटला. माझा कान तेव्हा गेला. नंतरचं मी फक्त बघितलं. घराचं दार बाहेर पडलं, एक माणूस जळत बाहेर आला आणि गोरखने त्याला तिथेच मारलं. दुसरा आत मेलेला सापडला. १६३० ला फायर थांबला.

आम्ही पोस्टवर परतलो तेव्हा रिंगचा खांब कंपनीने आधीच बाजूला लोटला होता. देवानंद १७१० ला गेला. हेलिकॉप्टर १७२५ ला उतरलं.

पाचही जण एका गाडीत का होते, असं चौकशीत विचारलं गेलं. हवालदार मेजर म्हणाले, “सही माझी आहे.” मी तेव्हा हॉस्पिटलमध्ये होतो. माझा जबाब घ्यायला आले, तेव्हा मी पुलियाजवळ काय झालं तेवढंच सांगितलं. डिटेल कुणी लिहिली, ते सांगितलं नाही. फायनल आमच्याशिवाय झाली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी मेहकरला गेलो. देवानंदचे वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. त्यांना सगळं सांगितलं. 

ते म्हणाले, “डेपोत ड्यूटी लावनाऱ्याले आमी रोज शिव्या देत जाऊ. त्याले गाडीत बसा नाही लागत.”

“हो, काका.”

“पाची पोरं एका गाडीत घालाले नव्हते पाह्यजे. तुले मालूम होतं.”

“मालूम होतं.”

“मंग चूक ते चूक. मी नाही म्हननार नाही.” त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “त्या हवालदार मेजरले लिव्हलं का तू हे?”

“नाही.”

“पहिले त्याले लिव्ह.”

ते पत्र मी दुसऱ्याच दिवशी टाकलं. त्यानंतरच हे लिहायला बसलो.

त्या दिवशी मी निघायला उठलो तेव्हा काकांनी बसायला सांगितलं. “ते सा दिवस पाची जन रोज खेयले काय?”

“रोज.”

“मी त्याले खेयताना कधी पाह्यलंच नाही. सांग, कसे खेयत.”

मी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. रमजान आणि पाटोळे मागे होते. गोरख डावीकडे. देवानंदने न बघता पास टाकला आणि संपतने तो पकडला.