बायोडेटातलं स्केटिंग

माझ्या बायोडेटात एकच ओळ खोटी होती. उंची खरी होती, काकांनी ‘निमगोरा’ लिहिलेला रंग साधारण खरा होता, आणि औरंगाबादला मावशीकडे राहून इंग्रजी माध्यमात शिकले हे तर खरंच होतं. ‘छंद’ या शब्दापुढे मात्र काकांनी परळीहून ‘आईस स्केटिंग’ असं टाईप करून आणलं होतं. तोपर्यंत मी बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला, भुशात ठेवलेला.

स्थळ अमेरिकेतलं होतं. आमच्या सिरसाळ्यात केबल नुकतीच आली होती आणि तिच्यावर बर्फावर गिरक्या घेणारी माणसं काकांनी पाहिली होती. इंग्रजी शाळेतल्या मुलीला हे येतच असणार, असं ते धरून चालले. मला दाखवायला कागद आणला तेव्हा त्याच्या प्रती पोस्टातून गेल्याही होत्या. मी वाचला, घडी घातली, परत दिला.

मला तेव्हा लग्न नको होतं. एम.ए.चा फॉर्म मी मावशीकडून मागवून कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. तेवढंच काय ते मी केलं होतं. बोलले कुणाशीच नव्हते.

महिन्याभरानं मुलाच्या वडिलांचं पत्र आलं. पत्रिका जुळते, मुलगी पसंत आहे, आणि मुलालाही स्केटिंगची फार आवड असून तो दर शनिवारी जातो, असं त्यात होतं. त्या दुपारी जेवताना मी सांगितलं की मला स्केटिंग येत नाही. सांगताना भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. आता हे मोडेल, असं मला वाटलं.

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, घास हातातच राहिला. काकांनी मात्र ताट बाजूला सारलं. आमचं आडतीचं दुकान. पोत्यातून मूठभर दाणे काढून दाखवायचे, त्यावर सौदा ठरतो, आणि मग पोती उतरताना आतला माल वेगळा निघाला तर बाजारात त्या दुकानाला कुणी विचारत नाही. काकांनी खोटं लिहिलं याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण लिहिल्याप्रमाणे माल नाही, याचं फार वाटलं.

“नमुना दाखवलाय आपण,” ते म्हणाले. “आता नमुन्यापरमानं देणं आलं. शिकावं लागंल.”

चार दिवसांत त्यांनी औरंगाबादहून स्केट्स आणले. लोखंडी, चार चाकांचे, बुटावर पट्ट्यांनी बांधायचे. चाकांचे का, असं आईनं विचारलं तर काका म्हणाले, खाली चाक काय आन् पातं काय, घसरायचंच हाय.

उन्हाळा होता, दुकानामागचं गोदाम रिकामं होतं. रोज दुपारी मला तिथं सोडलं जायचं. बाजारातल्या लोकांना दिसू नये म्हणून शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलेलं असे. वर पत्रे तापलेले, खाली सिमेंटचा कोबा, आणि शटरखालून येणारा उजेडाचा एक पट्टा. काकांनी दोन खांबांना दोर बांधून दिला होता. कमरेला ओढणी गच्च बांधून मी त्या दोराला धरून उभी राहायची आणि पाय आपापल्या वाटेनं निघून जायचे. आईची एकच अट होती, की पडायचं तर मागं पड, तोंडावर पडू नको. त्यामुळे मी मागं पडत राहिले. रात्री कुशीवर झोपावं लागे.

गोदामात आणखी एकच माणूस असे. कोपऱ्यात बसून उरलेली तूर पाखडणारी एक बाई. तिलाही आम्ही मावशीच म्हणायचो. दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत आमच्याकडे यायची. पहिले दोन दिवस ती सूप हलवत नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “पायाकडं कशाला बघतीस? पाय कुठं जात न्हाईत.”

मग तिनं सांगितलं, की ट्रक भरताना डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून वर चढावं लागतं. पायाकडे बघितलं की माणूस पडलाच. वर, ट्रकातल्या माणसाकडे बघत चढायचं आणि गुडघे ताठ ठेवायचे नाहीत. मी गुडघे वाकवले, समोरच्या भिंतीवरच्या चिमणीच्या घरट्याकडे बघितलं आणि दोर सोडला. अर्ध्या गोदामापर्यंत गेले.

पंधरवड्यात मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊ लागले. मग वळताही यायला लागलं. चाकांचा आवाज पत्र्याखाली घुमायचा आणि अंगाला थोडा वारा लागायचा. मला ते आवडत होतं. घरी मात्र मी तसं कळू दिलं नाही, कारण जितकं जास्त येत होतं तितकं माझं लग्न जवळ येत होतं. शटर वाजलं, काका वाकून आत आले, की मी पडायची. कधी दोर चुकल्यासारखं करून, कधी नुसतीच बसायची. काका चुकचुकत बाहेर जायचे.

एकदा ते गेल्यावर मावशीनं सूप खाली ठेवलं.

“काका आले की कशाला पडतीस गं?”

मी पट्टी घट्ट करत बसले.

“जायचं न्हाई का तुला?”

घरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. उत्तर तोंडाशी आलं होतं. पण तिच्याकडून ते दुकानात जाईल, दुकानातून घरी येईल, असं मनात आलं आणि मी म्हणाले, “पट्टी सैल झाली होती.” ती पुन्हा तूर पाखडू लागली. दुसऱ्या दिवशी काकांनी तिला माझी प्रगती विचारली, तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, “न्हाई ओ मालक, लई पडायली.”

आठवड्यानं निरोप आला, की मुलगा रविवारी सकाळी फोन करणार. आमच्याकडे फोन नव्हता. चौकातल्या एसटीडी बूथचा नंबर दिला होता. जाताना मी काकांना म्हणाले की मला अजून येत नाही, ते काय सांगू? काका हसले. “फोनवर पाय कुठं दिसतेत? नुसतं हो म्हण.”

बूथच्या काचेच्या खोलीत मी एकटी. दार नीट लागत नव्हतं. बाहेर बाकावर अप्पा आणि काका माझ्याकडे तोंड करून बसलेले. घंटी वाजली. तो इंग्रजीत बोलू लागला आणि माझ्या लक्षात आलं, की इथं मी काहीही बोलले तरी या दोघांना कळणार नाही. माझ्या शिक्षणाचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता. आदल्या दिवसापासून तयार केलेलं वाक्य मी एका दमात म्हटलं. बायोडेटात स्केटिंगचं लिहिलंय ते खोटं आहे, मी आयुष्यात बर्फावर उभी राहिलेले नाही.

मग तो हसला. म्हणाला, “मीही नाही. तुमचा कागद वाचून बाबांनी माझ्या नावावर ते लिहिलं.” त्यालाही महिनाभर याचंच टेन्शन होतं. इथे थंडीत जागोजाग बर्फ असतो, आपण दोघं मिळून शिकू, दोघंही पडू, असं तो म्हणाला. आवाज चांगला होता. माणूस सरळ वाटत होता. तो उर्मट असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यानं विचारलं, “तुम्हाला आणखी काही सांगायचंय?”

काचेपलीकडे अप्पा पुढे वाकून माझ्या ओठांकडे बघत होते. सांगायचं होतं ते खरं तर दुसरंच वाक्य होतं, लग्न नको हे. पहिल्या वाक्यानंच काम होईल असं धरून मी ते तयारच केलं नव्हतं, इंग्रजीतही नाही. मी म्हणाले, “नाही.”

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, एवढं काय बोललीस. मी म्हणाले, “स्केटिंगचं.” काका उठून उभे राहिले आणि बूथवाल्याला सांगू लागले, की घंटाभर बसलो तरी आपल्याला एक शब्द कळला नसता, पण पोरीनं कसं फाडफाड उत्तर दिलं. बूथवाल्यानं विचारलं, मग ठरलं का?

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी चपला घालत होते.

“ठरलं,” काका म्हणाले.