माझ्या निचऱ्याची फजिती

आम्हा तिघांच्या बिअरचे किस्से इतके साठलेत की बाटल्या कमी पडाव्यात. तिघं म्हणजे केळव्याच्या वाडीवाला सदानंद, बोईसरचा वेल्डर मुकेश आणि मी, तारापूरच्या कारखान्यातला पाइपिंग इंजिनिअर. बहुतेक किस्स्यांत गाढव मीच.

सदानंदच्या वाडीत आम्ही घरीच बिअर बनवायचो. काम साधं होतं. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, डब्यात गरम पाण्यात मुरवायचं आणि गोड रस खालच्या नळातून काढायचा. डिझाइन अर्थातच माझं. तांब्याच्या पाइपला खाचा पाडल्या, तो डब्याच्या तळाशी बसवला. बोटभर रस खालीच राहिला. सदानंदनं आत वाकून पाहिलं. "अरे, खाचा वर आहेत." मी ड्रॉइंग उलटं धरलं होतं.

*

मग पाइप काढून जाळी टाकली. ती तुंबली. मी नळाला नळी लावून जोरात फुंकलं आणि सगळा लगदा सदानंदच्या नव्या शर्टावर! मुकेशनं शांतपणे विचारलं, "साहब, कंपनी में भी फूँक मारते हो क्या?"

*

तिसऱ्या वेळी एक थेंबही येईना. नळाच्या जोडाचं मुकेशचं वेल्डिंग आत वितळून भोक बुजलंय, असं मी त्याच्यासमोरच म्हणालो. डबा रिकामा करून त्यानं जोड पुन्हा मारून दिला. तरी थेंब नाही. शेवटी सदानंदनं बाहेरची प्लास्टिकची नळी बोटानं चाचपली. गरम रसानं मऊ होऊन ती दुमडली होती. नळी मीच आणली होती. मुकेशला सॉरी म्हणायचं राहिलं, ते राहिलंच.

*

सदानंदची काकू हे सगळं बघायची. एकदा म्हणाली, "माल्टात भाताचा तूस मिसळ नं. नाय तुंबणार." मी हसलो. म्हटलं, काकू, हे इंजिनिअरिंग आहे. ती घरात गेल्यावर दोन ओंजळी तूस मिसळला. रस झऱ्यासारखा आला.

पुढच्या रविवारी माझे कारखान्यातले साहेब केळव्याला आले. बिअर आवडली. निचरा कसा जमवला, विचारलं. मी दहा मिनिटं उतार, खाचा, दाब समजावत होतो. सदानंद आणि मुकेश जमिनीकडं बघत होते. काकू तळलेल्या बोंबलांची ताटली घेऊन दारात उभी होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "तूस पुरला ना? आजून एक गोण हाय."

"तूस कशाला?" साहेबांनी विचारलं.

"चुलीला," मी म्हणालो.

काकूनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ताटली साहेबांपुढं केली.